मस्तिष्कार्बुदातील विद्युत आणि वैद्याचे कर्तव्य

शेतात काम करता करता चाळिशीतील एखादा गडी अकस्मात खाली कोसळतो. हातपाय आखडतात, दातखिळी बसते, तोंडाला फेस येतो. भोवतीची माणसे धावतात. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी पायातील चप्पल हुंगवितो, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. चार-दोन मिनिटांत तो शुद्धीवर येतो आणि दुसऱ्या दिवशी नातलग त्याला आपल्या दवाखान्यात आणतात. बिलोली, देगलूर, नायगाव, धर्माबाद या टापूत व्यवसाय करणाऱ्या कोणाही वैद्यास हे दृश्य नवे नाही. आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, अपस्मार असे निदान करतो आणि चिकित्सेस आरंभ करतो. परंतु ज्याला जन्मात कधी झटका आला नव्हता, त्याला चाळिसाव्या वर्षी पहिला झटका का यावा, हा प्रश्न पुष्कळदा विचारावयाचा राहून जातो. प्रस्तुत लेख त्या एका प्रश्नासाठी लिहिला आहे.

हा प्रश्न आजच उपस्थित करण्यास कारण आहे. मेंदूतील अर्बुद आणि विद्युत यांचा संबंध गेल्या तीन-साडेतीन दशकांत शास्त्रज्ञांनी बराच उलगडला आहे. त्या ज्ञानाचा उपयोग दोन प्रकारे होऊ शकतो. एक, रुग्ण लवकर ओळखण्यासाठी. आणि दुसरा, 'जैवविद्युत', 'पेशींची ऊर्जा' असे शब्द माहितीपत्रकावर छापून औषधे खपविण्यासाठी. आपण पहिला मार्ग धरावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी मूळ विषय थोडक्यात समजून घेणे अगत्याचे आहे.

पेशीच्या पटलावरील द्वारे

शरीरातील प्रत्येक पेशीच्या पटलाच्या आत आणि बाहेर विद्युतदाबाचा सूक्ष्म फरक असतो. विश्रांत अवस्थेतील चेतापेशीची आतील बाजू बाहेरील बाजूच्या तुलनेने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. पटलात प्रथिनांची बनलेली अतिसूक्ष्म द्वारे असतात. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड या प्रत्येकाचे द्वार निराळे. सोडियमचे द्वार उघडले की चेतापेशी उद्दीपित होऊन संकेत पुढे धाडते. पोटॅशियमचे उघडले की ती पुनश्च शांत होते. आपले चालणे, बोलणे, स्मरण हे सर्व या द्वारांच्या उघडझापीवर अवलंबून आहे.

चेतापेशींना आधार व पोषण देणाऱ्या ज्या पेशी मेंदूत असतात त्यांना ग्लाया पेशी म्हणतात. या पेशींच्या कुळातून उद्भवणाऱ्या अर्बुदांस ग्लायोमा अशी संज्ञा आहे आणि त्यांतील सर्वांत उग्र प्रकार म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. निरोगी ग्लाया पेशींपैकी ताराकृती पेशींत विद्युतदाबाचा फरक सुमारे ८० मिलिव्होल्ट असतो. ग्लायोमाच्या पेशींत तो पुष्कळदा बराच उतरलेला आढळतो. विभाजन पावणाऱ्या पेशींत हा दाब कमी असतो आणि कदाचित तोच विभाजनाचे नियमन करीत असावा, असा तर्क अमेरिकेतील क्लॅरेन्स कोन यांनी १९७० च्या सुमारास मांडला होता. तेव्हा तो फारसा कोणी मनावर घेतला नाही. आज त्या दिशेने पुष्कळ काम होत आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अर्बुदाच्या प्रसाराची आहे. मेंदूत दोन पेशींमधील फट अत्यंत अरुंद असते. तीतून सरकावयाचे तर पेशीला अंग चोरावे लागते. ग्लायोमाची पेशी आपल्या अंतर्भागात क्लोराइड नेहमीपेक्षा अधिक साठवून ठेवते. फटीशी येताच ती पोटॅशियम व क्लोराइड यांची द्वारे उघडते. क्षार बाहेर पडतात, त्यांच्या मागोमाग पाणी जाते, पेशी आक्रसते आणि फटीतून पलीकडे निसटते. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात हॅराल्ड सोन्थायमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कार्य अनेक वर्षांच्या परिश्रमाने पुढे आणले.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात अर्बुदाचे जे वर्णन केले आहे त्यात ते वाटोळे, स्थिर, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे असे सांगितले आहे. खोल मुळाची गोष्ट ग्लायोमास तंतोतंत लागू पडते. स्थिरतेची मात्र नाही. शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९२८ मध्ये अशा रुग्णांत मेंदूचा उजवा अर्धगोल समग्र काढून पाहिला, तरीही अर्बुद पुन्हा उद्भवले. कारण त्याच्या पेशी आधीच दूरवर सरकलेल्या होत्या. हे लक्षात घेतले म्हणजे 'गाठ विरघळविण्या'ची भाषा या व्याधीत किती अपुरी आहे, हे ध्यानी येते.

विंचवाच्या विषाने दाखविलेली वाट

ही द्वारे ओळखण्याच्या कामी एक साहाय्यक आपल्याच मातीतून लाभला. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळणारा लाल विंचू आपणा सर्वांस परिचित आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात वृश्चिकांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे तीन वर्ग केले आहेत. या लाल विंचवास महाविष वर्गात घालण्यास कोणाची हरकत असू नये. त्याचे विष म्हणजे आयन चॅनेलवर कार्य करणाऱ्या अनेक प्रथिनांचा समुच्चय होय. त्यातील काही सोडियमचे द्वार वेळेवर मिटू देत नाहीत. म्हणूनच दंशानंतर घाम, थंड पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि पुढे फुप्फुसात पाणी, अशी भयानक लक्षणमालिका उद्भवते. याच विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन नामक, ३७ अमिनो आम्लांचे एक प्रथिन वेगळे करण्यात आले. ते पोटॅशियमचे एक विशिष्ट मोठे द्वार तेवढे बंद करते, इतरांस स्पर्श करीत नाही. पुढे २००२ मध्ये त्याच द्वाराचे एक निराळे रूप मानवी ग्लायोमाच्या पेशींत विपुल प्रमाणात असल्याचे प्रसिद्ध झाले. कुलपात कोणती किल्ली बसते हे पाहून कुलूप ओळखावे, तशी ही रीत आहे.

दुसरे उदाहरण पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील पिवळ्या विंचवाचे. त्याच्या विषातील क्लोरोटॉक्सिन हे ३६ अमिनो आम्लांचे प्रथिन १९९३ मध्ये वर्णिले गेले आणि ते ग्लायोमाच्या पेशींना चिकटते, निरोगी मेंदूस फारसे नाही, असे त्यानंतर काही वर्षांतच दिसून आले. त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडून १८ रुग्णांवर केलेल्या प्राथमिक परीक्षणाचा वृत्तांत २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यास चकाकणारा रंग जोडून शस्त्रक्रियेच्या वेळी अर्बुदाची सीमा दाखविण्याची कल्पना २००७ मध्ये मांडली गेली.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. क्लोरोटॉक्सिनचे वर्णन होऊन तीन दशके लोटली. ते नेमके कशास चिकटते, यावरही पुढे मतभेद झाले. प्रथम क्लोराइडचे द्वार सांगितले गेले, मागाहून इतर प्रथिनांची नावे पुढे आली. आणि विंचवाच्या विषापासून बनविलेले मस्तिष्कार्बुदावरील एकही औषध नेहमीच्या चिकित्सेत अद्याप रूढ झालेले नाही. काचपात्रातील पेशीपासून माणसापर्यंतचा मार्ग एवढा दीर्घ आहे.

अर्बुद बोलते ती भाषा

२०१९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड आणि जर्मनीतील हायडेलबर्ग येथील संशोधकांनी एकाच वेळी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. निरोगी चेतापेशी ग्लायोमाच्या पेशींशी प्रत्यक्ष संधान जोडतात. चेतापेशीचा विद्युतसंकेत ग्लुटामेट या द्रव्याच्या द्वारा अर्बुदाच्या पेशीत उतरतो आणि तिच्या वाढीस व प्रसारास चालना देतो. उलटपक्षी, अर्बुदाच्या पेशी स्वतः ग्लुटामेट बाहेर टाकतात आणि भोवतालच्या चेतापेशींना अतिउद्दीपित करतात. झटका येतो तो यातूनच. मंदगतीने वाढणाऱ्या ग्लायोमात निम्म्याहून अधिक रुग्णांना केव्हा ना केव्हा झटके येतात आणि अनेकदा तेच पहिले लक्षण असते.

सारांश, अशा रुग्णात झटका हा स्वतंत्र व्याधी नसून अर्बुदाची भाषा आहे. ती ऐकून आपण केवळ अपस्माराची चिकित्सा करीत बसलो, तर झटके कदाचित काही काळ थांबतीलही. पण आत अर्बुद वाढत राहील. अर्थात प्रौढ वयातील प्रत्येक पहिला झटका अर्बुदाचा नसतो. आपल्या देशात मेंदूतील क्षयाची गाठ आणि फीतकृमीच्या अंड्यांमुळे होणारा विकार ही कारणेही पुष्कळ आढळतात. परंतु या तिहींचा निर्णय नाडीवरून होत नाही, मेंदूच्या चित्रणावरूनच होतो. आणि तिहींची चिकित्सा परस्परांहून भिन्न आहे.

वात म्हणजे विद्युत काय?

आपल्या परिसंवादांतून एक युक्तिवाद ऐकू येतो, तो असा. वात चल आहे, विद्युत चल आहे. म्हणून विद्युत म्हणजे वात. ग्लायोमात विद्युत बिघडते, म्हणून तो वातव्याधी. आणि म्हणून अमुक वातघ्न कल्प त्यावर औषध. पहिली पायरी उपमा म्हणून सुंदर आहे. परंतु उपमा म्हणजे प्रमाण नव्हे, आणि शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचताना मध्ये एकाही रुग्णाची नोंद नाही.

याउलट, आयन चॅनेलवर कार्य करणारी द्रव्ये आपल्या कपाटात खरोखरच आहेत. वत्सनाभातील ॲकोनिटिन सोडियमचे द्वार उघडे ठेवते. त्यामुळेच अशोधित वत्सनाभाने जिभेस बधिरता, ओकारी आणि हृदयाच्या गतीत प्राणघातक अनियमितता निर्माण होते. शोधनाने ॲकोनिटिनचे विघटन होऊन त्याची तीव्रता उतरते. आधुनिक परिभाषा ठाऊक नसताना आपल्या पूर्वसूरींनी हे साधले, याचा अभिमान अवश्य बाळगावा. विषही योग्य युक्तीने योजिले असता औषध होते, हे चरकाचार्यांचे मत आपण नित्य सांगतो. पण त्यातील 'युक्ती' या शब्दात मात्रा, काल, रुग्ण आणि परिणाम या सर्वांचा विचार येतो. वत्सनाभ सोडियमच्या द्वारावर कार्य करते, एवढ्यावरून ते मस्तिष्कार्बुदावर देणे ही युक्ती नव्हे, तो धोका आहे. ज्याला आधीच झटके येत आहेत अशा रुग्णात तर विशेषच. वत्सनाभ व सर्पविष यांचा समावेश औषधी नियमांच्या ई-१ अनुसूचीत विषारी द्रव्ये म्हणून केलेला आहे, याचे स्मरण औषधी दुकानदार बंधूंनी ठेवावे.

शंखपुष्पीचा धडा

एक उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे आणि ते प्रत्येक दुकानाच्या गल्ल्याशी लिहून ठेवण्याजोगे आहे. फेनिटॉइन हे झटक्यांवरील जुने औषध सोडियमच्या द्वारावरच कार्य करते. ते घेत असलेल्या दोन रुग्णांचे आटोक्यात असलेले झटके पुन्हा सुरू झाले. ते रुग्ण जोडीला शंखपुष्पीचा एक आयुर्वेदीय कल्प घेत होते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी त्यावर प्राण्यांत अभ्यास केला. तो कल्प सतत दिला असता रक्तातील फेनिटॉइनची पातळी उतरते आणि त्याचा परिणामही घटतो, असा निष्कर्ष त्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. उलट दिशेचे उदाहरणही आहे. मिरी व पिंपळी यांतील पायपेरिन फेनिटॉइनचे शोषण वाढविते. म्हणजे त्रिकटूयुक्त कल्पाने हेच औषध रक्तात वाजवीपेक्षा अधिक चढू शकते.

शंखपुष्पी मेध्य आहे, निरुपद्रवी आहे, आपण ती विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दिवसांत सरसकट देतो. मेंदूच्या आजारात मेंदूचे औषध, असा सरळ हिशोब करून तिची बाटली ग्राहकाच्या हाती ठेवणे किती सोपे आहे! परंतु ज्याच्या मेंदूत अर्बुद आहे आणि जो फेनिटॉइनवर आहे, त्याला ती बाटली झटक्यांच्या मालिकेत लोटू शकते. दोष वनस्पतीचा नाही. न विचारता देण्याचा आहे.

एक आक्षेप

काही ज्येष्ठ सहकारी म्हणतील, हे सर्व ठीक आहे, पण आपल्याकडे रुग्ण येतो तोच मुळी मोठ्या रुग्णालयातून निराश होऊन. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, शेत गहाण पडले, आणि 'आता फार काही होणार नाही' असे सांगून घरी पाठविले. अशा माणसास आपणही परत पाठवावयाचे काय?

हा आक्षेप खोटा नाही. ग्लायोब्लास्टोमाची आधुनिक चिकित्सा अद्याप अपुरीच आहे. किरणोपचाराच्या जोडीला टेमोझोलोमाइड दिले असता मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर जाते, असे २००५ मध्ये सिद्ध झाले आणि तेवढ्याने ती जगभरची प्रमाणभूत चिकित्सा ठरली. विद्युतक्षेत्राचा प्रत्यक्ष उपचार म्हणूनही उपयोग होऊ लागला आहे. मुंडन केलेल्या डोक्यावर पट्ट्या चिकटवून २०० किलोहर्ट्झ वारंवारतेचे मंद विद्युतक्षेत्र दिवसातील बहुतांश काळ दिले जाते. अमेरिकेत त्यास २०११ मध्ये पुनरुद्भवलेल्या आणि २०१५ मध्ये नव्याने निदान झालेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी मान्यता मिळाली. ६९५ रुग्णांच्या परीक्षणाचा अंतिम वृत्तांत २०१७ मध्ये आला. त्यात मध्यम आयुर्मान १६ महिन्यांऐवजी २०.९ महिने भरले. हा उपचार इतका महाग आहे की आपल्या शेतकऱ्यास तो स्वप्नवतच होय.

पाच महिन्यांचा लाभ सिद्ध करावयास एवढे रुग्ण आणि एवढी वर्षे लागली. मग 'तीन महिन्यांत गाठ नाहीशी' असे सांगणाऱ्या पुडीमागे किती रुग्णांची नोंद आहे, हे विचारण्याचा अधिकार आपणास आहे, आणि प्रथम स्वतःलाच विचारण्याचे कर्तव्यही. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीच्या कायद्याने कर्करोग, मेंदूचे विकार आणि अपस्मार या तिन्हींवर इलाजाची जाहिरात करण्यास मनाई केली आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षाही मोठी गोष्ट अशी की, निराश मनुष्य कोणत्याही शब्दावर विश्वास ठेवतो. म्हणून त्याच्यापुढे शब्द तोलूनच उच्चारला पाहिजे.

तेव्हा रुग्णास परत पाठवू नये. त्याची निद्रा, क्षुधा, मलप्रवृत्ती, बल आणि मनःस्वास्थ्य यांची काळजी आपण घेऊ शकतो, आणि त्याचे मोल थोडे नाही. मात्र ते त्याच्या मूळ चिकित्सकास कळवून, चालू औषधे न तोडता, आणि 'याने अर्बुद बरे होईल' असे आश्वासन न देता.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, प्रौढ वयात प्रथमच झटका आलेला प्रत्येक रुग्ण मेंदूच्या चित्रणासाठी पाठवावा. पहाटे वाढणारी डोकेदुखी व ओकारी, एका बाजूचे दौर्बल्य, बोलण्यात अडखळणे, स्वभावात आकस्मिक पालट ही लक्षणे सोबत असतील तर एक दिवसही थांबू नये. बिलोलीहून नांदेड दूर नाही. विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शासनाच्या विनारोकड आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यात, २०१२ मध्ये, नांदेड जिल्ह्याचा समावेश झाला होता. तीच योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि मेंदूच्या शस्त्रक्रिया तीत अंतर्भूत आहेत. ही माहिती नातलगांस आपणच दिली पाहिजे, कारण 'पैसा कोठून आणावा' या एका प्रश्नापाशीच पुष्कळ रुग्ण थांबतात.

दुसरी गोष्ट, झटक्यांवरील औषध अथवा सूज उतरविण्यासाठी दिलेले स्टेरॉइड आपल्या सांगण्यावरून एकाएकी बंद होता कामा नये. दोन्ही एकाएकी थांबविणे प्राणावर बेतू शकते.

तिसरी गोष्ट औषधी दुकानदार बंधूंसाठी. मेध्य, वातघ्न अथवा विषद्रव्ययुक्त कल्प मागणाऱ्यास 'फिटची गोळी चालू आहे काय?' एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर होय असल्यास वैद्यास विचारल्यावाचून बाटली देऊ नये. एक बाटली कमी खपेल, एवढेच.

चौथी गोष्ट नोंदींची. मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून रक्तदाब, नाडी, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींतून प्राझोसिनचा उपयोग पुढे आला, १९८६ मध्ये तो 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि पूर्वी दगावणाऱ्या कितीतरी रुग्णांचे प्राण वाचू लागले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती, वही होती. आपणही अशा रुग्णाच्या झटक्याचा दिनांक, वेळ, कोणत्या अंगापासून आरंभ झाला, किती वेळ टिकला, कोणती औषधे सोबत चालू होती, हे लिहून ठेवू शकतो. दुष्परिणाम आढळल्यास तो कळविण्यासाठी आयुष औषधांची औषधदक्षता यंत्रणा असून दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे समन्वयन करते.

आपल्या संघटनेने या नोंदींसाठी एक पानी मराठी तक्ता आणि रुग्णास पुढे पाठविताना द्यावयाच्या चिठ्ठीचा एक समान नमुना तयार करून प्रत्येक सभासदाकडे पाठवावा, अशी सूचना या लेखाच्या द्वारे करीत आहे. लाल विंचवाच्या विषातील एक प्रथिन मेंदूच्या अर्बुदातील एक द्वार ओळखू शकले, कारण कोणीतरी मोजमाप केले. आपल्या कपाटातील कोणते द्रव्य काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हेही मोजल्यावाचून कळणार नाही. तोवर, शेतात कोसळलेल्या त्या गड्याला नाकाशी कांद्याची नव्हे, हातात वेळेवर लिहिलेल्या एका चिठ्ठीची गरज आहे. ती लिहिणे आपल्या हाती आहे.